हिशेब लिटरचा की हेक्टरचा?

उसाच्या वजनातला सुमारे ७० टक्के भाग पाण्याचा असतो. रोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसासोबतच दररोज १,७०० टनांहून अधिक पाणी दाखल होते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड होऊन पुन्हा पाणी होते, त्यातले काही बॉयलरला आणि धुण्यापुसण्याला लागते. उरलेले बाहेर पडते ते थोडी साखर, थोडे तेल, राख आणि भांडी खरवडण्यासाठी वापरलेला कॉस्टिक सोडा सोबत घेऊन. त्यामुळे दुष्काळात गाव टँकरकडे डोळे लावून बसलेले असतानाही गाळप सुरू असेल तर कारखान्यापाशी सांडपाणी असतेच. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील अंकुशनगर, घनसावंगीतील तीर्थपुरी, भोकरदनमधील सिपोरा बाजार ही साखर कारखान्यांची ठिकाणे. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात गोदावरी सोडली तर जिल्ह्यातल्या नद्या आणि ओढे बहुतेक कोरडेच असतात, त्यामुळे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडायला उरते ती जमीन. या प्रकरणाचा विषय ते पाणी शेतात सोडावे की नाही हा नाही, ते सोडताना काय मोजावे हा आहे. आज आपण चुकीच्या जागी चुकीचे एकक लावून मोजतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी शेतात पाणी सोडण्याच्या बाजूने जे बोलता येते ते बोलू, कारण ते कमी नाही. साखर, पिष्ट, दूध, फळांचा रस यांच्या कारखान्यांचे सांडपाणी रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यासारखे जहाल नसते. त्यातली घाण मुख्यतः सेंद्रिय असते आणि मातीतले जिवाणू ती आनंदाने खातात. नदीत तीच घाण पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. मातीला मात्र हवेचा आधार असतो. म्हणून नियमांनीही जमिनीवर अधिक भरवसा ठेवला आहे. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. साखर उद्योगासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जी मानके अधिसूचित केली, त्यांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा आहे, जमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० ची. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम. प्रक्रिया केलेले सांडपाणी टनभर उसामागे १०० लिटरपर्यंतच असावे, शीतकरणाचे पाणी आणखी १०० लिटरपर्यंत. सिंचनाची गरज नसेल त्या दिवसांसाठी पंधरा दिवस पुरेल एवढे, न झिरपणारे अस्तर असलेले तळे हवे. आणि मातीच्या पोताप्रमाणे हेक्टरी रोज किती पाणी द्यावे याचाही तक्ता दिलेला आहे: वालुकामय जमिनीला २२५ ते २८० घनमीटर, आणि जालन्यात सर्वत्र दिसणाऱ्या चिकण जमिनीला ३५ ते ५५ घनमीटर. म्हणजे नियम करणाऱ्यांनी जमिनीकडे पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही. पाहिले, पण ओझरते.

हा तक्ता कागदावर थोडा पुढे नेऊन पाहू. २,५०० टनांच्या कारखान्याचे टनामागे १०० लिटरप्रमाणे रोजचे २५० घनमीटर पाणी होते. हेक्टरी ३५ घनमीटर धरले तर सात हेक्टर जमीन पुरते, ५५ धरले तर साडेचारच. हेक्टरी ३५ घनमीटर म्हणजे रोज साडेतीन मिलिमीटर पाऊस. दीडशे दिवसांच्या हंगामात तो ५२५ मिलिमीटर होतो. ५५ च्या हिशेबाने ८२५ मिलिमीटर. जालना जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे नियमाच्या चौकटीत राहूनही सात हेक्टरांच्या तुकड्यावर हिवाळ्यात दुसरा पावसाळा उतरवता येतो. आता क्षारांकडे पाहू. पाणी क्षारांच्या मर्यादेला टेकलेले असेल तर २५० घनमीटरमधून रोज सव्वापाचशे किलो क्षार जमिनीवर पडतात, हंगामात पाऊणशे टनांहून अधिक. सात हेक्टरांवर ते पसरले तर हेक्टरी ११ टन होतात. या सगळ्या काळात कारखान्याच्या तोंडाशी बसवलेले यंत्र प्रत्येक लिटर मर्यादेत असल्याची नोंद करत राहील, आणि ती नोंद खरी असेल.

बीओडी आणि क्षार यांतला फरक या सगळ्याच्या मुळाशी आहे. बीओडी हे मातीचे अन्न आहे. लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पाण्यातून हेक्टरी रोज साडेतीन किलो बीओडी पडतो, तो माती सहज पचवते. क्षार पचत नाहीत. पाणी पीक शोषून घेते, उन्हाने उडून जाते, आणि क्षार जिथल्या तिथे राहतात. पीक त्यातले थोडे उचलते, सोडियम आणि क्लोराइड तर फारसे उचलतच नाही. मग हे क्षार येतात कुठून? काही कारखान्याच्या कॉस्टिक सोड्यातून आणि बॉयलरच्या पाण्यातून येतात, पण मोठा वाटा उसातूनच येतो. तालुक्यातल्या पन्नाससाठ गावांच्या शेतांमधून उसाने उचललेले पोटॅश आणि इतर क्षार मोळ्यांबरोबर एका जागी गोळा होतात आणि कारखान्याच्या कुंपणालगतच्या मूठभर एकरांत उतरतात. जिथून ते आले त्या शेतांना पोटॅशचे पोते विकत आणावे लागते, आणि जिथे ते उतरले तिथली जमीन हळूहळू चोपण होते. एवढा उफराटा व्यवहार कोणी मुद्दाम आखला नसता.

जमीन चोपण होते हे शेतकऱ्याला दिसते. विहिरीत काय होते ते दिसत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि ते जमिनीखाली घडते. जालना जिल्हा जवळजवळ सगळा बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर वसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या किंवा भेगाळलेला खडक, आणि त्याखाली घट्ट कातळ. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. गंगेच्या मैदानातल्या वाळूत हजारो फूट पाणी भरलेले असते, तसे इथे नाही. या खडकाच्या शंभर भागांत हाताशी येणारे पाणी एक ते तीन भाग. दोन भाग धरले आणि पाण्याने भरलेला थर दहा मीटरांचा मानला, तर एका हेक्टरखाली अवघे २,००० घनमीटर पाणी असते. वर हेक्टरी ११ टन क्षार पडले आणि त्यांतला चौथा हिस्साच खाली पोहोचला, तरी या साठ्यात लिटरमागे सुमारे १,४०० मिलिग्रॅम क्षारांची भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० मिलिग्रॅमचे आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. हा हिशेब ठोकळ आहे हे उघड आहे. भूजल बाजूला सरकते, पाऊस त्यात ताजे पाणी मिसळतो. पण जालन्यासारख्या भागात वर्षाच्या पावसातला जेमतेम सात-आठ टक्के भाग भूजलात उतरतो, म्हणजे पन्नासेक मिलिमीटर. पातळ करायला पाणीच थोडे. आणि भूजल सरकते ते उताराच्या दिशेने, म्हणजे खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीकडे. त्याने कारखान्याशी कसलाही करार केलेला नसतो.

यावर लगेच येणारा आक्षेप असा: काळी माती पाणी झिरपू देत नाही, मग भीती कशाची? आक्षेप निम्मा खरा आहे. ओली काळी माती फुगते, छिद्रे बुजतात, आणि पाणी वरच साचते. पण तीच माती वाळली की आकसते आणि तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून आलेले पाणी मातीला भेटतच नाही, सरळ मुरमात उतरते. जिवाणूंना खायला वेळ नाही, मातीच्या कणांना धरून ठेवायला संधी नाही. म्हणजे काळ्या जमिनीत दोन्ही टोकांना धोका आहे: नोव्हेंबरात परतीच्या पावसाने ती तुडुंब असते तेव्हा पाणी वाहून ओढ्याला लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तडकलेली असते तेव्हा पाणी थेट खाली जाते. मध्ये जे हिवाळ्याचे आठवडे मिळतात तेव्हाच माती आपले काम नीट करते. त्यातही जिल्ह्यात सगळीकडे खोल काळी जमीन नाही. माळावर आणि डोंगराच्या पायथ्याशी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आणि अडचणीच्या पाण्यासाठी नेमका असाच माळ निवडला जातो, कारण तिथे पीक नसते आणि तक्रारही नसते. भूजलाच्या दृष्टीने याहून वाईट निवड करता येणार नाही. पिकाखालची खोल जमीन महाग आहे हे कारण समजण्यासारखे आहे, पण माळाला काही किंमत नाही असे समजले तरी त्याच्याखालच्या पाण्याला आहेच.

पाण्यावर प्रक्रिया धड झालेली नसेल तर आणखी एक गंमत घडते, आणि ती पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. मातीत हवेपेक्षा अन्न जास्त झाले की जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात. मग त्यांच्यातल्या काही जाती मातीतल्या आणि खडकातल्या लोह-मँगनीजच्या गंजातून प्राणवायू काढतात, आणि हे धातू विरघळून पाण्यात येतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फेनव्हिल गावी एका फळप्रक्रिया कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे शेतांवर फवारले गेले आणि आजूबाजूच्या विहिरींत लोह, मँगनीज आणि आर्सेनिक सापडले. कारखान्याने यांपैकी काहीही सांडपाण्यात घातले नव्हते. फळांचा गोड रस घातला होता, धातू गावच्याच जमिनीतून सुटले. सांडपाण्याचा नमुना कितीही काटेकोर तपासला असता तरी त्यात आर्सेनिक आढळले नसते. आपला खडक मिशिगनच्या वाळूपेक्षा वेगळा आहे, आर्सेनिकचा प्रश्न इथे तसा उद्भवेल असे मी म्हणत नाही. पण बेसाल्टमध्ये लोह भरपूर आहे. पाइपाशी नसलेली गोष्ट विहिरीत निघू शकते, एवढे या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

साखर कारखान्याला जोडून आसवनी असेल तर आकडे एकदम दुसऱ्याच पायरीवर जातात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर काळसर तपकिरी पाणी उरते. शेतकरी त्याला मळीचे पाणी म्हणतात, कारखान्यात स्पेंटवॉश. त्याचा कच्चा बीओडी लिटरमागे ४० ते ६० हजार मिलिग्रॅम असतो. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये निदान ४०० किलो बीओडी आणि साधारण क्विंटलभर पोटॅश. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ मध्ये उद्योगांबरोबर जी सनद केली, तिच्यात आसवन्यांसाठी कंपोस्ट, आटवून जाळणे आणि नियंत्रित प्रमाणात जमिनीला देणे असे मार्ग होते. पुढच्या वर्षांत मंडळाचा कल जमिनीवरून हटून आटवणे आणि जाळणे याकडे गेला, आणि तो योग्यच होता. मात्र पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने आसवन्यांची क्षमता देशभर वाढली, त्यामुळे प्रश्न मिटला असे समजायचे कारण नाही. स्पेंटवॉश प्रमाणात आणि पातळ करून दिल्यास उसाचे उत्पादन वाढते, हे प्रयोगांत दिसलेले आहे, आणि समर्थक तेच पुढे करतात. त्यांचे निष्कर्ष मला मान्य आहेत. फक्त ऊस ही वरच्या दोन-तीन फुटांची साक्ष आहे. चाळीस फुटांवरच्या पाण्याबद्दल त्याला काही ठाऊक नसते.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, शेतकऱ्यांनी हाताने लावलेली झाडे हाताने तोडली. अशा मुलखात शेतकरी स्वतःहून कारखान्याचे पाणी मागतो. त्याला क्षार आणि बीओडीचे पाठ देणारे आपण कोण? हा प्रश्न टाळता येत नाही. माझे उत्तर असे, की पाणी मागणाऱ्याला ते मिळावे, पण जास्त जणांना आणि थोडे थोडे. वरचेच २५० घनमीटर पाणी सातऐवजी चाळीस हेक्टरांवर पाळीपाळीने फिरवले तर हंगामात शंभराहून कमी मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे गव्हा-हरभऱ्याला एखाद-दुसरी पाळी, आणि क्षार हेक्टरी ११ टनांवरून दोन टनांवर येतात. पुढच्या वर्षी जमीन बदलली तर पावसाळ्याला मागचे धुऊन पसरवायला अवकाश मिळतो. दुष्काळाचा युक्तिवाद पाणी वाटण्याच्या बाजूने जातो, ते चार गटांत ओतण्याच्या बाजूने जात नाही. शिवाय दुष्काळी जिल्ह्यात विहीर हीच शेवटची ठेव असते. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षे पिकवून दाखवली ती जमिनीत मुरवलेल्या पाण्यावर. जिथे पाणी मुरवायला एवढा खटाटोप करावा लागतो तिथे मुरलेले पाणी खराब करणे परवडत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. विहिरीत नायट्रेट सापडले तर ते कारखान्याचे कशावरून? युरिया आहे, गोठे आहेत, गावच्या शौचालयांचे खड्डे आहेत. खरे आहे, आणि एका विहिरीच्या एका नमुन्यावरून कोणालाही दोषी धरता येणार नाही. पण उताराच्या वरची विहीर आणि खालची विहीर शेजारी मांडली, हंगामापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा नमुना मांडला, तर धागे सुटे होतात. पोटॅशियम इथे चांगला खबऱ्या ठरतो. काळी माती त्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून बेसाल्टमधल्या साध्या विहिरीत ते फार कमी असते. खालच्या विहिरीत ते चढू लागले आणि वरच्यात नाही, तर युरियाकडे बोट दाखवून भागत नाही, कारण युरियात पोटॅश नसते. नमुने कधी घ्यायचे हेही महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात साठलेले क्षार खाली नेतो तो पुढचा पावसाळा, म्हणून जानेवारीत स्वच्छ निघालेली विहीर ऑक्टोबरात वेगळे बोलू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजतेच. त्याच फेरीत कारखान्याभोवतीच्या विहिरींची विद्युतवाहकता मोजली तर क्षारांचा अंदाज जागच्या जागी मिळतो. ते यंत्र खिशात मावते.

तिसरा आक्षेप पैशाचा. सहकारी कारखाने आधीच अडचणीत, उसाचे पैसे वेळेवर देताना दमछाक, त्यात हे नवे ओझे. पण वर सुचवलेल्या गोष्टींत महागडे तंत्रज्ञान थोडे आहे. पाइप, पंप, पाळीपत्रक, मातीचा तपास. क्षार काढण्याचे यंत्र मात्र खरोखर महाग असते, म्हणून क्षार आत न येऊ देणे स्वस्त पडते: कॉस्टिक जपून वापरणे, बॉयलरचे खारे पाणी वेगळे काढणे, कारखान्याची फरशी धुण्याआधी ती कोरडीच झाडून घेणे. खर्च टाळला तर तो नाहीसा होत नाही, फक्त खालच्या गावाच्या नळयोजनेकडे सरकतो.

कायदा नवा करावा लागणार नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात भूमिगत पाणी धरलेलेच आहे आणि जमिनीवर सांडपाणी सोडायलाही त्या कायद्याखाली संमती लागते. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू आहे. उणीव आहे ती नजर पाइपावरून जमिनीकडे वळवण्याची. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने साखर आणि आसवनीसह सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत देखरेख ठेवणारी यंत्रे बसवायला सांगितले. चांगलेच केले, पण यंत्र पुन्हा पाइपाशीच बसले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात गटक्रमांकासह जमिनीचा नकाशा, मातीची खोली, पिकाचे नाव, हेक्टरी वर्षाला किती किलो क्षार आणि किती किलो नायट्रोजन, विहिरींपासून किती अंतर, आणि कोणत्या दिवशी पाणी बंद हे लिहिलेले असावे. बंदचा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त टाळला जातो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्ट ऑफ मॉरो हे बंदर अन्नप्रक्रिया कारखान्यांचे नायट्रोजनयुक्त पाणी शेतांना पुरवते. तिथल्या परवान्यात एकरी नायट्रोजनची मर्यादा होती, मातीतल्या ओलाव्याचीही अट होती, तरी मर्यादा ओलांडली गेली. तो परिसर नायट्रेटमुळे १९९० मध्येच भूजल व्यवस्थापन क्षेत्र म्हणून जाहीर झालेला होता. जानेवारी २०२२ मध्ये १३ लाख डॉलरचा दंड झाला, त्याच वर्षी जूनमध्ये तो २१ लाखांवर गेला आणि मॉरो काउंटीला विहिरींच्या पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. यावरून कोणी म्हणेल की एकराचा हिशेबही निरुपयोगी ठरला. मला उलट दिसते: एकराचा हिशेब होता म्हणून उल्लंघन मोजता आले. उणीव होती ती मर्यादा गाठताच पाणी थांबवण्याची सक्ती करण्यात. हिवाळ्यात साठवायला तळे पुरेसे नसेल तर कारखाना चालू असताना पाणी शेतावरच जाणार, मग परवान्यात काहीही लिहा. आपल्याकडचे पंधरा दिवसांचे तळे म्हणूनच मला तोकडे वाटते. नोव्हेंबरातली ओली जमीन आणि मधली अवकाळी धरली तर निदान त्याच्या दुप्पट साठा हवा.

लहान उद्योगांना, म्हणजे दूध शीतकरण केंद्र किंवा रसाच्या छोट्या कारखान्याला, हे सगळे लावू नये. त्यांचे रोजचे पाच-दहा घनमीटर पाणी एखादा हेक्टर सांभाळतो. अट एकच पुरेशी आहे: जमीन ठरवून द्यावी आणि दरवर्षी ती बदलावी. मोठ्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक कलम लागेल, कारण मराठवाड्यात कारखाने बंदही पडतात. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडीत रासायनिक कारखाने बंद झाल्यावरही विहिरींतले पाणी वर्षानुवर्षे बिघडलेलेच राहिले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च सोसावा असे ठरवले. तोवर तो खर्च देणारे हात आखडले होते. तिथली रसायने साखरेच्या सांडपाण्याहून कितीतरी घातक होती, पण कातळातले पाणी सावकाश सुधारते ही बाब दोन्हीकडे सारखीच. म्हणून जमिनीवर पाणी सोडण्याची संमती देतानाच ठेव घ्यावी, आणि कारखाना बंद झाला तरी पुढची निदान पाच वर्षे उताराखालच्या विहिरींची ऑक्टोबरातली तपासणी त्या ठेवीतून होत राहावी. तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत, गटक्रमांकासह.